जमिनीची उंची व लेझरची मोजणी

मोजणी हा शब्द इंदापूर तालुक्यास नवा नाहीं. मुंबई इलाख्यांतील जमाबंदीच्या मोजणीस जें स्थिर रूप आलें तें आपल्याच तालुक्यांत आलें. प्रिंगल साहेबांची १८३० च्या सुमाराची पहिली आकारणी रयतेस जड झाली, जमिनी ओस पडूं लागल्या, तेव्हां १८३५ सालीं गोल्डस्मिड व विंगेट या दोघां अधिकाऱ्यांनीं इंदापुरास ती पुन्हा तपासावयास घेतली व १८३६ पासून नवे दर लागू झाले. पुढें १८४७ च्या संयुक्त अहवालानें तीच रीत इतरत्र गेली. तेहतीस फुटांची साखळी, तिचे सोळा आणे, साखळीभर चौरस म्हणजे गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर, आणि मातीची खोली व पोत पाहून पाडलेल्या नऊ प्रती हें सारें त्या काळचें. आतां सात-बाऱ्यावर हेक्टर व आर आले, मोजणीदार साखळीऐवजीं उपग्रहाशीं बोलणारा रोव्हर घेऊन येतो, तरी बांधावर उभे राहिलें म्हणजे तोंडांत गुंठाच येतो.

आम्ही महसूल खात्यांत कारकुनी करून आतां घरीं बसलों आहों. टिपणें, फाळणीचे नकाशे, आकारबंद यांच्या रुमालांत आमचीं बहुतेक वर्षें गेलीं. त्या रुमालांत शेताची लांबी सांपडते, रुंदी सांपडते, हद्दीचा धोंडा कोठें आहे तें सांपडतें, मातीची प्रतही सांपडते. सांपडत नाहीं ती एकच गोष्ट, उंची. हें शेत खालच्या शेताहून किती इंच वर आहे, पाणी कोणत्या कोपऱ्याकडे जाईल, याचा आंकडा एकाही कागदावर नाहीं. सारा घेणाऱ्यास त्याची गरज नव्हती, आणि बाजरी-ज्वारीच्या जिराईत रानास तरी कितीशी असणार?

ती गरज कालव्यानें उत्पन्न केली. १८७६-७७ च्या दुष्काळानंतर नीरा डाव्या कालव्याचें काम झालें, भाटघरचें पहिलें धरण १८९२ सालीं पुरें झालें, आणि सुमारें शंभर मैल लांब अशा या कालव्यानें बारामती-इंदापुरचीं कोरडीं रानें उंसाखालीं आणलीं. त्याचें उपकार कोणीहि नाकारणार नाहीं. परंतु पाणी आलें तें जाण्याची वाट मात्र कोणी आंखली नाहीं. विहिरींचें पाणी वर चढलें, खोल काळ्या जमिनी ओल धरूं लागल्या, आणि पाण्याबरोबर क्षार पृष्ठभागावर आले. पुण्याच्या शेतकी कॉलेजाचे डॉ. हॅरोल्ड मॅन व श्री. ताम्हणे यांनीं नीरा खोऱ्यांतील खारवट जमिनींवर १९१० सालींच स्वतंत्र पुस्तिका लिहिली. म्हणजे कालवा वयांत येण्यापूर्वींच त्याचा रोग नोंदला गेला होता. त्यावर उपाय तेव्हांहि एकच होता व आजहि एकच आहे, तो म्हणजे चर. आणि चर खणावयाचा तर प्रथम उतार ठाऊक पाहिजे.

हें दुःख आम्ही दुसऱ्याचें म्हणून सांगत नाहीं. भवानीनगरजवळ कालव्याखालीं आमचें साडेतीन एकरांचें शेत आहे. त्यांतून पूर्वीं एक ओघळ जात असे. पावसाळ्यांत गुडघाभर पाणी, एरवीं कोरडा. २००४ सालीं आम्हीं तो गाळानें बुजविला, वरून यंत्र फिरवून रान सपाट केलें, आणि सात गुंठे जमीन वाढली म्हणून घरीं पेढे आणले. जुन्या टिपणांत तो ओघळ स्पष्ट दाखविलेला होता, आणि टिपणें वाचणें हाच आमचा धंदा! आठ-दहा वर्षांनीं वरच्या अंगाची माती पायाला लागूं लागली, मग हिवाळ्याच्या सकाळीं पांढरें फूल दिसूं लागलें, मग उंसाचीं पानें टोंकाकडून करपूं लागलीं. आज वीस गुंठे लागवडीखालीं नाहींत. सातांच्या लोभानें वीस गेले, हा हिशेब कारकुनास शोभणारा नव्हे.

अशा प्रकरणांचे तंटेहि आम्हीं नोकरींत पुष्कळ पाहिले. १९०६ च्या मामलेदार कोर्ट कायद्याच्या ५ व्या कलमाखालीं, पावसाचें वा पृष्ठभागावरचें पाणी बांध घालून अडविलें तर दाद मागतां येते. वादी म्हणतो पाणी पूर्वापार इकडून जातें, प्रतिवादी म्हणतो वादीनेंच भर टाकून तें आमच्या अंगावर लोटलें. स्थळपाहणी होते, पंच येतात, पंचनाम्यांत लिहिलें जातें कीं "पाणी पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहत असावें असें दिसतें." असें किती पंचनामे आमच्या हातून उतरले असतील! उंचीचा आंकडा एकांतहि नव्हता. दोघेहि खातेदार खरें बोलत असतील, कारण दोन-चार इंचांचा उतार डोळ्यास दिसत नाहीं.

आतां ज्या नव्या मोजणीसंबंधीं लिहिण्यास बसलों ती हीच उंची सांगते. तिला लायडार म्हणतात. विमानास, ड्रोनास किंवा तिपाईवर एक यंत्र बसवितात; तें लेझरच्या किरणाचे अत्यंत बारीक ठोके सेकंदास लाखांच्या हिशेबानें जमिनीवर सोडतें व प्रत्येक ठोका परत येण्यास किती वेळ लागला तें टिपतें. प्रकाश सेकंदास सुमारें ३ लाख किलोमीटर धांवतो. विमान १,००० मीटर उंच असेल तर किरण जाऊन येण्यास सेकंदाच्या दहा लाख भागांपैकीं सुमारें पावणेसात भाग लागतात. सेकंदाचे शंभर कोटि भाग केले तर त्यांतील एका भागांत प्रकाश ३० सेंटिमीटर जातो, आणि वाट जाण्याची व येण्याची मिळून मोजली जाते म्हणून तेवढा वेळ चुकला तर उंची १५ सेंटिमीटर, म्हणजे अर्धा फूट, चुकते. यावरून घड्याळ किती बारीक असावें लागतें तें ध्यानांत येईल. शिवाय त्या क्षणीं विमान कोठें आहे तें उपग्रहांवरून, व तें किती कललें आहे तें दुसऱ्या एका उपकरणावरून कळावें लागतें. या तिन्ही गोष्टी जुळल्या म्हणजे एका ठोक्यापासून जमिनीवरचा एक बिंदु मिळतो, त्याच्या उंचीसह.

असे बिंदु किती? चौरस मीटरास ८ धरले तर गुंठ्यास सुमारें ८००, एकरास ३२,००० च्या वर. हाच एकर दुर्बिणीच्या लेव्हलनें दर १० मीटरांवर पट्टी धरून मोजला तर चाळीसच बिंदु मिळतील, आणि त्यांत दोन माणसांचा अर्धा दिवस जाईल. उपग्रहांवरून व अंतराळयानांतून घेतलेले उंचीचे नकाशे फुकट मिळतात हें खरें. फेब्रुवारी २००० मध्यें अमेरिकेच्या अंतराळयानानें रडारनें पृथ्वीचा बराच भाग मोजला, त्याचा उपयोग जगभर होतो. परंतु त्यांतील एक चौकट ३० मीटरांची, म्हणजे जवळजवळ ९ गुंठ्यांची, आणि उंचींत कित्येक फुटांची चूक. डोंगर पाहण्यास तें ठीक. आमचा ओघळ त्यांत कोठें दिसावा?

येथें वाचकांचा एक गैरसमज दूर केला पाहिजे. २०२० पासून स्वामित्व योजनेखालीं गांवठाणांवरून ड्रोन फिरलेले आपण पाहिले. ते छायाचित्रें घेणारे होते. एकमेकांवर चढलेल्या छायाचित्रांवरूनहि उंची काढतां येते, पण छायाचित्रास जें वर असतें तेंच दिसतें. उभ्या उंसाचें चित्र घेतलें तर उंसाच्या शेंड्याची उंची मिळेल, जमिनीची नाहीं. लेझरचा गुण निराळा आहे. एका ठोक्यांतील कांहीं किरण शेंड्यास लागून परततात, कांहीं खालच्या पानास, आणि फटींतून उतरलेले थोडेसे खालच्या मातीस लागून सर्वांच्या शेवटीं परततात. यंत्र या सर्व परतींची नोंद ठेवतें. मग संगणकावर उफणणी करावयाची. खळ्यावर वारा जसा भूस उडवून दाणा खालीं पाडतो, तसें शेंड्यांचे व पानांचे बिंदु काढून टाकले कीं सर्वांत खालचे, शेजारच्यांशीं जुळणारे बिंदु उरतात. ती उघडी जमीन. तसेंच, आपल्याकडे रान सपाट करणारें लेझर लेव्हलर यंत्र आतां परिचयाचें झालें आहे. तें एका पातळीचा किरण फिरवून ट्रॅक्टरमागील फळीस वर-खालीं करतें. तें रान बदलतें, लायडार रान वाचतो. वाचल्याशिवाय बदलणें कसें महाग पडतें तें वर आलेंच आहे.

झाडाखालची जमीन दिसते ही गोष्ट भूगर्भशास्त्रज्ञांस फार मोलाची वाटली. अमेरिकेंत सिएटल शहराजवळ बेनब्रिज नांवाचें दाट झाडीचें बेट आहे. तेथें १९९६ च्या सुमारास लेझरची मोजणी झाली ती पाणी जमिनींत कोठें मुरतें हें पाहण्यासाठीं. झाडी काढून टाकलेला नकाशा पुढें आला तेव्हां त्यांत एक सरळ पायरी दिसली. ती भूकंपानें सरकलेल्या जमिनीची खूण होती, जिच्यावरून लोक चालत होते पण झाडींत ती कोणास दिसली नव्हती. मेक्सिकोंत एका भागाची मोजणी २००६ सालीं झालेली होती. तेथें ४ एप्रिल २०१० रोजीं मोठा भूकंप झाला, लगेच दुसरी मोजणी केली, आणि एका नकाशांतून दुसरा वजा करून कोणती जमीन किती उचलली व किती खचली तें काढलें. जमाखर्चाच्या वहींतील मागील शिल्लक असावी तशी ती पहिली मोजणी कामास आली.

आपल्या महाराष्ट्रांतील उदाहरण कोयनेचें आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहांटेचा भूकंप ज्यांनीं अनुभवला ते आतां म्हातारे झाले, परंतु तेथें धक्के अद्याप येतात. धरणांत पाणी सांठल्यानंतर ते सुरू झाले म्हणून जगांतील शास्त्रज्ञांचें लक्ष तिकडे आहे. जमीन जेथें सरकते त्या भेगा, ज्यांस भ्रंश म्हणतात, कोठून कोठें जातात हा तेथला प्रश्न. सह्याद्रीचें जंगल व काळ्या खडकाचे थरांवर थर यांमुळें त्या पायीं फिरून सांपडणें कठीण. म्हणून हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिक संशोधन संस्थेच्या लोकांनीं खोल छिद्र पाडण्याच्या तयारींत इतर पाहणीबरोबर विमानांतून लायडारनेंहि तो मुलूख मोजविला. झाडी वजा केल्यावर ओढ्यांस व कड्यांस कापीत जाणाऱ्या सरळ रेषा दिसल्या, आणि वरच्या काळ्या खडकांतील त्या रेषांचा खालच्या जुन्या खडकाशीं कसा संबंध आहे तें तपासतां आलें. पुढें गोठणें येथें सुमारें ३ किलोमीटर खोल छिद्र पाडण्यांत आलें; तें काम २०१७ सालीं पुरें झालें. कराडास त्यासाठीं केंद्र सरकारची प्रयोगशाळाच आहे.

आमच्याच जिल्ह्यांतील माळीण ३० जुलै २०१४ रोजीं डोंगराखालीं गेलें व १५१ माणसें गेलीं. अशा उतारांवर पूर्वीं कधीं दरड घसरली असेल तर तिचा व्रण झाडी-गवताखालीं राहिलेला लेझरच्या नकाशांत ओळखतां येतो. दरड कोणत्या दिवशीं पडेल तें तो नकाशा सांगत नाहीं. कोणत्या वाडीवर नजर ठेवावी इतकें सांगतो.

आतां शेतकऱ्यानें या मोजणीवर किती विसंबावें? चांगल्या विमानी मोजणींत उंचीची चूक १० ते १५ सेंटिमीटरांची धरावी. कमी उंचीवरून जाणाऱ्या ड्रोनची काळजीपूर्वक केलेली मोजणी ३ ते ५ सेंटिमीटरांपर्यंत उतरते. आपल्या काळ्या सपाट रानांत १०० मीटरांस २० सेंटिमीटर उतार असला तरी पुष्कळ, म्हणून या फरकाकडे लक्ष दिलेंच पाहिजे. दुसरें, पुरा वाढलेला आडसाली ऊंस इतका दाट असतो कीं जमिनीस पोंचणारे किरण फारच थोडे. मोजणी तोडणीनंतर, खोडवा फुटून वर येण्याआधीं झाली पाहिजे, आणि एका शिवारांतील सर्वांची तोडणी एका आठवड्यांत होत नाहीं हें कोणास सांगावयास नको. तिसरी अडचण पाचटाची. पाचट जाळूं नये हें आम्ही या मासिकांतूनच शिकलों. पण वीतभर पाचट पसरलेल्या रानांत लेझर पाचटाच्या माथ्यास लागून परत जातो व रान तितकें उंच दिसतें. म्हणून कोणत्या गटांत पाचट होतें त्याची नोंद मोजणीच्या दिवशींच ठेवावी. सांचलेलें पाणीहि ह्या किरणास बहुधा गिळतें, तेवढा भाग नकाशांत रिकामा राहतो.

आणि सर्वांत मोठी मर्यादा ही कीं, लेझर मातीच्या आंत शिरत नाहीं. चोपण किती खोल आहे, खालीं मुरूम आहे कीं चिकण, भूमिगत पाणी किती हातांवर आहे, यांतील कांहींच तो सांगणार नाहीं. त्यास खड्डे घ्यावे लागतात, विहिरींची पातळी महिन्याच्या महिन्याला लिहावी लागते, माती तपासावी लागते. लेझरचा नकाशा पाहून एकदम सच्छिद्र नळ पुरावयास निघणारा फसेल. पण नकाशावांचून चर खणणारा आजपर्यंत फसत आलाच आहे: चराचें तोंड उंच, शेपूट नीच असें समजून खणलें आणि निघालें उलट, असे चर आपल्या भागांत दाखवितां येतील.

सरकारास ही विद्या अपरिचित नाहीं. मुंबई-अहमदाबाद वेगवान रेल्वेच्या ५०८ किलोमीटर वाटेची विमानांतून लायडार मोजणी झाली, आणि जुन्या रीतीनें १० ते १२ महिन्यांचें काम १२ आठवड्यांत उरकल्याचें त्या महामंडळानें प्रसिद्ध केलें. नकाशांवरील जुनीं बंधनें १५ फेब्रुवारी २०२१ च्या नियमांनीं पुष्कळ सैल झालीं. डिसेंबर २०२२ च्या राष्ट्रीय भूस्थानिक धोरणांत तर २०३० पर्यंत साऱ्या देशाचा उंचीचा नकाशा, मैदानी भागांत २५ सेंटिमीटरांच्या तोडीचा, करण्याचा संकल्प आहे. रेल्वेच्या वाटेस जें मिळतें तें कालव्याच्या लाभक्षेत्रास कां मिळूं नये? आमच्या मतें संघानें एकेका सभासदाच्या शेताकरितां खटपट न करतां कालव्यापासून नीरा नदीपर्यंतचा एक सलग पट्टा मोजण्याची मागणी करावी. कारण पाण्याची वाट गटाच्या हद्दीशीं थांबत नाहीं; निम्मा ओघळ मोजून उपयोग नाहीं. आणि मोजणीचे बिंदु ठेकेदाराच्या कपाटांत न राहतां संघाच्या दप्तरीं यावे, हें करारांतच लिहून घ्यावें. दहा वर्षांनीं पुन्हा मोजणी होईल तेव्हां वजाबाकीस मागील शिल्लक हवी.

तोंवर हातांत आहे त्यावर काय होतें तें आम्हीं करून पाहिलें. गेल्या तोडणीनंतर जुन्या टिपणाची नक्कल काढली. तींत पश्चिमेच्या बांधापासून ओघळाचा मध्य ४ साखळ्या ६ आण्यांवर, म्हणजे १४४ फूट ४॥ इंचांवर, दाखविलेला आहे. गवंडी वापरतात ती पाणी भरलेली पारदर्शक नळी घेतली, पुतण्यास दुसऱ्या टोंकास उभें केलें, आणि पाचट बाजूस सारून दर दहा फुटांवर उंची लिहीत गेलों. वीस वर्षांपूर्वीं बुजविलेल्या, वरून सपाट दिसणाऱ्या त्या रानांत १३० ते १६० फुटांच्या दरम्यान जमीन हळूहळू पांच इंच खालीं जाते व पुन्हा वर येते. विमानाच्या मोजणीस हें सांपडणें अवघड, ड्रोनच्या मोजणीस सांपडण्याजोगें. आम्हांस नळीनें दोन दिवस लागले, आणि तें एका रेषेचें काम झालें. १४५ फुटांवर खड्डा घेतला. साडेतीन फुटांखालीं गाळ संपून जुन्या तळाची वाळू व गोटे लागले, आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं खड्ड्यांत दोन फूट पाणी होतें.

चर त्याच रेषेनें काढावयाचा आहे, पण तो खालच्या शेजाऱ्यांच्या बांधांतून गेल्याशिवाय ओढ्यास मिळत नाहीं. ते आमच्याहून वडील, रीतीचे गृहस्थ आहेत. त्यांचें म्हणणें, "रावसाहेब, तुमचें पाणी आमच्याकडून जात होतें हें आम्हांस आठवतें, पण किती इंच उतार आहे तें कागदावर दाखवा, मग बांध फोडूं." त्यांच्या रानांतील उंची आम्हांजवळ नाहीं. त्यांचा ऊंस माघांत तुटावयाचा आहे. त्यानंतर नळी घेऊन दोन दिवस त्यांच्याकडे जावयाचें असें ठरलें आहे.